सावेकाकांची फेरतपासणी

सावेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी दारात चपला काढल्या, मला नमस्कार केला आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन आमच्या पलंगावर आडवे झाले.

मी पाण्याचा पेला हातात घेऊन तशीच उभी. तेवढ्यात माझा नवरा पहिली पाळी संपवून घरी आला. आपल्या पलंगावर, आपल्याच उशीवर, पांढऱ्या मिशांचा एक परका माणूस छातीवर हात ठेवून छताकडे बघत पडलाय हे पाहून त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी लग्नानंतर तोवर कधी पाहिली नव्हती.

"कोण आहेत?" त्यानं हळूच विचारलं.

"आमच्या निधीचे तपासनीस."

"मग आपल्या पलंगावर काय तपासतायत?"

 याचं उत्तर काकांनीच दिलं, पडल्या पडल्या. "पंखा डोक्यावर नाय, पायावर हाय. आणि बटण कुठं, तर दाराशी! उद्या ताप आला तर उठून जाणार काय बटण दाबायला? बाकी घर पास. अटीवर." मग ते उठले, चादर होती तशी नीट केली आणि ज्या कागदांसाठी आले होते ते घेऊन निघाले. मी चहा टाकायला वळले तर हात जोडून म्हणाले, "बाय, आता नको. आता मी तुमच्या घराला शेरा दिला ना."

या माणसाचं पूर्ण नाव दामोदर सावे. मूळचे चिंचणीकडचे, घरची चिकूची वाडी असलेले. पण काकांचं लक्ष वाडीत कधी रमलं नाही. बोईसरच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत ते दर्जा तपासणाऱ्या खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कंपनीनं त्यांना निरोपाचा हार घातला तेव्हा म्हणे त्यांनी हाराच्या गाठी ओढून बघितल्या होत्या. मी हे पाहिलेलं नाही, पण माझा यावर पूर्ण विश्वास आहे.

निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, तपासणी सुटली नाही. रिक्षात बसण्याआधी ते वाकून टायर बघायचे आणि ड्रायव्हरला विचारायचे, "भैया, ब्रेक कब देखा था?" त्यामुळे बोईसर स्टेशनबाहेरचे अर्धे रिक्षावाले त्यांना पाहिलं की मीटर नसलेल्या रिक्षाचंही मीटर बिघडलंय असं सांगायचे. लग्नाला गेले की मांडवात बसायचेच नाहीत. मागं आचाऱ्यांपाशी उभे राहून पातेल्यातल्या वरणाचा रंग बघायचे, वास घ्यायचे आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगायचे, "वरण पास. जिलेबी अटीवर. नवऱ्या मुलाचं अजून बघतोय." आणि जेवायचे नाहीत. का, तर शेरा दिला ना.

हा त्यांचा नियम. ज्याला शेरा दिला त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. "आमच्या खात्यात एक होता," ते सांगायचे, "लोणच्याच्या एका बरणीपायी विकला गेला. बरणी पण कसली, अर्धी! म्हणून आपला थर्मास बरा आणि आपला डबा बरा." खांद्याला अडकवलेल्या पिशवीत थर्मास, डबा आणि घडी केलेला नॅपकिन कायम असायचा.

आता आमच्या निधीबद्दल सांगायला हवं. एमआयडीसीतल्या काही कारखानदारांनी मिळून एक मदतनिधी उभा केलाय. कुठे आश्रमशाळा, कुठे वृद्धाश्रम, कुठे दवाखाना, अशा संस्थांना वर्षाच्या वर्षाला मदत जाते. त्याचं ऑफिस मी सांभाळते. मदत चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवण्याआधी कुणीतरी जाऊन बघून यावं लागतं. ते काम सावेकाका बिनपगारी करायचे, आणि आमचे अध्यक्ष चुरीसाहेब फक्त त्यांच्याच सहीवर विश्वास ठेवायचे. काकांनी पास म्हटलं की मदत मंजूर, नापास म्हटलं की फाईल बंद. चुरीसाहेब स्वतः मोठे कारखानदार, पण काकांसमोर शर्टाचं वरचं बटण लावून बसायचे.

संस्था तपासण्याची काकांची पद्धत तीच, आमच्या पलंगावरची. व्यवस्थापक फाइली काढून बसायचे, भिंतीवरचे फोटो दाखवायचे, आणि काका सरळ एखाद्या खाटेवर आडवे व्हायचे. "उभ्यानं बघितलं की भिंतीचा रंग दिसतो, बाय," ते मला म्हणायचे. "म्हातारा माणूस, आजारी माणूस, दिवसभर आडवा असतो. त्याला तिथून काय दिसतं ते कोण बघणार?" एका वसतिगृहात असंच आडवं पडल्यावर त्यांच्या कपाळावर टाकीचं पाणी टपकलं होतं. व्यवस्थापकांना ती गळती ठाऊकच नव्हती, कारण ते त्या खोलीत कायम उभेच राहिले होते. काकांना मी कितीही हसले तरी हे मला पटायचं.

तर वाणगावच्या घराची फाईल आली.

वाणगाव स्टेशनपासून रिक्षानं थोडं आत, एका चिकूच्या वाडीत हे घर आहे. फौजेतून निवृत्त झालेली आणि पुढे ज्यांचं कुणी उरलं नाही, किंवा असूनही नसल्यासारखं आहे, अशी सहा माणसं तिथं राहतात. संस्था चालवणाऱ्या बाई मुंबईहून आठवड्यातून एकदा येतात. एरवी घराचा सगळा कारभार सुभेदार शिंद्यांकडे. सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे, सत्तरी ओलांडलेले, पण पाठ अशी ताठ की त्यांच्यासमोर आपण कुबड काढून उभे आहोत असं वाटावं. स्वयंपाक तांडेलांकडे. ते इथलेच, किनाऱ्यावरचे, नौदलात खानसामे होते. तिसरे लक्षात राहणारे म्हणजे जव्हारकडचे नाईक गावित. वयानं सगळ्यांत लहान, म्हणजे साठीच्या अलीकडचे. एका पायानं अधू.

आमच्या मदतीतून तिथल्या नर्सचा पगार आणि घराचं भाडं जायचं. मदत बंद झाली असती तर घर बंद झालं असतं. मग सुभेदार कुठं गेले असते, गावित कुठं गेले असते, हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. म्हणून, तपासणीला माणूस येणार असा फोन मी केला तेव्हा पलीकडून सुभेदारांचा आवाज एकदम खालच्या पट्टीत गेला. "इन्स्पेक्शन?" त्यांनी विचारलं. "तयारी ठेवतो साब." मी बाई आहे हे त्या क्षणी त्यांच्या लेखी महत्त्वाचं नसावं.

आम्ही पोचलो तर वाटेच्या दोन्ही बाजूंचे दगड एकाआड एक गेरू आणि चुन्यानं रंगवलेले. चिकूच्या झाडांचे बुंधे कमरेपर्यंत पांढरे. विहिरीचा रहाट घासून लखलखीत. घरचा कुत्रा ओला, म्हणजे नुकताच धुतलेला आणि त्यामुळे जगावर रुसलेला. दारात सहा जण उंचीप्रमाणे उभे. सुभेदारांनी कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "सहा हजर साब, गैरहजर कुनी न्हाई!"

आत खाटांवरच्या चादरींना कात्रीनं कापल्यासारख्या कडा. मला तर फारच आवडलं. आमच्या घरात मी असं काही कधी करू शकले नाही. काकांनी मात्र मान हलवत खोलीचा एक फेरा मारला आणि सगळ्यांच्या देखत सुभेदारांच्या खाटेवर पसरले.

गावितांच्या तोंडून "अरे बापरे" निघून गेलं. सुभेदार सावधानमध्येच होते, पण त्यांच्या गालाचा स्नायू उडत होता. काकांनी उशीचा वास घेतला. कूस बदलली. पुन्हा वास घेतला.

"सुभेदार, इथं कोण झोपतं?"

"मी झोपतो साब."

"काल झोपला?"

सुभेदारांनी नजर समोरच्या भिंतीवर रोवली. फौजेतल्या माणसाला खोटं बोलायला जमत नाही असं मी म्हणणार नाही, पण या माणसाला जमत नव्हतं. काकांनी आडव्यानंच गावितांच्या तोंडाकडे बोट दाखवलं. गावितांच्या गालावर चटईच्या विणीचे चौकोन स्वच्छ उमटलेले होते.

मग उलगडा झाला. खाटा लावून झाल्यावर त्या मोडायला नकोत म्हणून सगळेच्या सगळे स्वयंपाकघरात चटया टाकून जमिनीवर झोपले होते. मी फोन केला त्या दिवसापासून. सत्तरीच्या माणसांनी, गुडघे दुखत असताना.

काका उठून बसले. "मी घर बघायला आलो होतो. तुमी मला बराक दाखवली. नापास."

हा शब्द ऐकल्यावर सुभेदारांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांना आयुष्यात कुणी नापास केलं नसावं. मी काकांना कोपरानं ढोसलं. तेव्हा ते म्हणाले, "फेरतपासणी घेऊ. आमच्याकडे माल परत आला की पुन्हा एकदा तपासायचो. पण आता न सांगता येणार."

परतीच्या वाटेत मी काकांवर चिडले. "किती मेहनत घेतली होती त्यांनी! सगळं इतकं स्वच्छ, आणि तुम्ही नापास कसं करता?"

"बाय, स्वच्छ तर इस्पितळातली रिकामी खाट पण असते. ते नीट राहतात काय, हे त्यांना जन्मभर सरकारनं विचारलंय. ते मजेत राहतात काय, हे बघायला कोण गेलंय काय कधी?"

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी आणखी चिडले.

पुढची फेरी काकांनी ठरल्याप्रमाणे कुणालाही न कळवता ठरवली. मलाही सकाळी स्टेशनवर आल्यावरच सांगितलं. पण समोर फौज होती. न सांगता येणार म्हणजे छापा, आणि छाप्यावर उपाय म्हणजे पहारा. वाणगावच्या फलाटावर उतरलो तर बाकावर गावित वर्तमानपत्र वाचत बसलेले. आम्हाला पाहिल्याबरोबर ते पेपराआड गेले आणि मोबाईलवर कुजबुजले, "सर, टार्गेट उतर गया." फलाटावर आमच्याखेरीज दोन कोळणी आणि एक बकरी होती. त्यामुळे कुजबूज अगदी छान ऐकू आली.

काका त्यांच्यापाशी गेले. "गावित, चला, एकाच रिक्षानं जाऊ."

रिक्षात गावित बिचारे आमच्यामध्ये अंग चोरून बसले. "काका, आमाला माफ करा," ते म्हणाले, "पन सुभेदार साब रोज पाठवतात. पैल्या गाडीपासून." घरी पोचलो तेव्हा सहाव्या माणसासाठी जागा सोडून पाच जण रांगेत उभे होते. खाटा कडक. कुत्रा पुन्हा ओला.

काकांनी या वेळी खाटेकडे बघितलंसुद्धा नाही. दगडावर बसून आपल्या थर्मासातला चहा घेतला. सुभेदार त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. रांगेतले सुभेदार वेगळे होते आणि हे वेगळे.

"साब, एक सांगता का? पास व्हायला आमी काय करायचं?"

"काय नाय करायचं."

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. "ही ऑर्डर आमाला कधी मिळालीच न्हाई, साब," ते म्हणाले. "ती कशी पाळत्यात?"

त्यांना खरोखर माहीत नव्हतं. विनोद करत नव्हते ते. काकांनी थर्मासाचं झाकण हळूहळू फिरवून बंद केलं आणि "बघू" एवढंच बोलून उठले.

इकडे समितीची बैठक जवळ येत चालली होती. संस्थेच्या बाईंचे फोन मला रोज येत होते, आणि चुरीसाहेब विचारत होते, वाणगावच्या फाईलवर सावेंची सही का नाही. मीच काकांना ओढून तिसऱ्यांदा नेलं. रविवार होता, दुपारची वेळ. फलाटावर गावित नव्हते. मला धास्ती वाटली.

वाडीच्या फाटकाशीच आरडाओरडा ऐकू आला. मी धावले. काका माझ्या पुढे धावले. स्वयंपाकघरात चुलीपाशी तांडेल हातात पळी घेऊन उभे, समोर सुभेदार एक वाटी घेऊन, आणि बाकीचे दोन्हीकडे वाटून उभे. पहाऱ्यावरचे गावित मध्यस्थीला बोलावून घेतलेले. कुणाला आमचा पत्ताच नाही.

"बोंबलात शेंगदान्याचं कूट घालणार?" तांडेल ओरडत होते. "माझ्या जिवात जीव हाय तवर नाय घालू देनार! समुद्राला काय वाटंल?"

"समुद्राला काय वाटायचंय! चार वर्सं तुझं पानचट कालवन खातोय मी. आज माझा वाढदिवस हाय, आज कूट पडनार!"

"वाढदिवस आसंल तुमचा, बोंबील माझा हाय!"

मधल्या दारातून पलीकडची खोली दिसत होती, एका खाटेवर ओले कपडे पडलेले, दुसऱ्या खाटेवर पत्त्यांचा अर्धवट डाव, आणि सुभेदारांच्या खाटेवर, थेट उशीवर, कुत्रा. कोरडा आणि अत्यंत समाधानी. मी काकांकडे पाहिलं. काकांच्या मिशा हलत होत्या. इतके खूश मी त्यांना एखाद्या संस्थेतच काय, कुठेच पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात तांडेलांचं लक्ष दाराकडे गेलं. पण रागाच्या भरात हा तपासनीस आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांना फक्त एक तिऱ्हाईत माणूस दिसला. त्यांनी पातेल्यातून पळी भरली आणि काकांच्या तोंडासमोर धरली. "तुमी इथलेच ना? तुमी सांगा! यात काय कमी हाय?"

जन्मभर ज्यानं जगाला शेरे दिले, त्याच्यासमोर कुणी आपणहून वाद निकालाला आणला होता. काकांनी क्षणाचाही विचार केला नाही. फुंकर मारली आणि पळी तोंडाला लावली. डोळे मिटले. जीभ टाळ्याला लावून बघितली.

"मीठ बरोबर," त्यांनी निकाल दिला. "कोकम किंचित पुढं. कूट नापास. पण सुभेदारांचा वाढदिवस हाय, तर त्यांच्या वाटीत वेगळं घाला."

दोन्ही बाजूंनी समाधानाचा सुस्कारा निघाला. मग काकांचे डोळे मोठे झाले. त्यांनी पळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. घोट उतरून गेला होता.

मला वाटलं ते आता ठसका लागल्याचं निमित्त करून थुंकतील. त्याऐवजी त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून खिळ्याला अडकवली. "बाटलोच हाय तर नीट बाटू द्या," ते म्हणाले. "पाट कुठं हाय?"

तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाचं कालवण आणि वर सोलकढी. काका जेवत होते आणि सगळे त्यांना आग्रह करत होते. कुठल्या लढाईत कोण होतं वगैरे काही निघालं नाही. सगळा वेळ वाद कूट आणि कोकम यांचाच होता, आणि काका त्यात हिरिरीनं पडले होते. जेवण झाल्यावर ते सुभेदारांच्या खाटेपाशी गेले, कुत्र्याला सरकवलं आणि आडवे झाले. मी वाट पाहत होते की आता पंखा, बटण, खिडकी यावर काहीतरी ऐकू येईल. घोरणं ऐकू आलं. सुभेदारांनी त्यांच्या पायांवर चादर टाकली आणि सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून बाहेर काढलं.

 परतताना फलाटावर गाडी येताना दिसली तेव्हा काका म्हणाले, "बाय, माझी तपासणी बाद. दुसरा माणूस पाठवा."

"का?"

"मी जेवलो."

"काका, पण घर तर पास आहे ना?"

"ते मी आता नाय बोलू शकत. मी त्यांचं अन्न खाल्लंय. सही नाय करणार."

मी त्यांना बोईसरपर्यंत समजावलं. मग नुसतं रागावले. या हट्टी माणसाच्या नियमापायी ती सहा माणसं रस्त्यावर येणार होती, तीही त्याला आवडली म्हणून. हे मी त्यांना तोंडावर बोलले. त्यांना ते लागलं हे मला दिसलं, पण ते बधले नाहीत. दुसऱ्या दिवशी थर्मास आणि पिशवीसकट ऑफिसात आले, वाणगावची कोरी फाईल माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले.

बैठकीत ती फाईल आली. दुसरा माणूस पाठवायला वेळ उरला नव्हता. चुरीसाहेबांनी शेवटचं पान उलटून बघितलं.

"सावेंची सही?"

"त्यांनी करायला नकार दिला, साहेब."

"मग बंद करा. सावे सही करत नाहीत म्हणजे तिथं काहीतरी पाणी मुरतंय." त्यांनी पुढची फाईल ओढली.

मी कधी बैठकीत मध्ये बोलत नाही. त्या दिवशी उभी राहिले. "साहेब, ते तिथं जेवले."

"कोण?"

"सावेकाका."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरचा चहा काकांनी कधी ना कधी नाकारलेला होता. चुरीसाहेबांच्या तर मुलीच्या लग्नात ते जिलेबीला अटीवर पास करून उपाशी परत गेले होते.

"पाणी प्यायले म्हणायचंय का तुम्हाला?"

"पाणी प्यायले. भाकऱ्या खाल्ल्या, कालवण दोनदा मागून घेतलं, सोलकढी प्यायली. मग झोपले."

"झोपले म्हणजे त्यांच्या त्या पद्धतीनं?"

"नाही साहेब. घोरत होते."

चुरीसाहेबांनी ओढलेली फाईल परत ढकलली. वाणगावचं कोरं पान पुन्हा समोर घेतलं. "हिशेब बघायला आपण नंतर दुसरा माणूस पाठवू," ते म्हणाले, "पण मदत चालू ठेवा. मंजूर." आणि मग, बैठकीशी काही संबंध नसताना, "आमच्याकडे त्यांनी पाण्यालासुद्धा हात लावला नव्हता."

संध्याकाळी मी सरावलीला गेले. काका तिथं एका इमारतीत दोन खोल्यांत राहतात हे माहीत होतं, पण गेले कधी नव्हते. खरं तर कुणीच गेलं नव्हतं. काकू जाऊन बरीच वर्षं झालीत, मुलगी नागपूरला असते. काकांनी दार उघडलं, "या बाय" म्हणाले आणि माझ्यासाठी चहा टाकला. कपबशी त्यांना कपाटाच्या मागच्या कप्प्यातून काढावी लागली. ती धुऊन घेताना ते म्हणाले, "वापरात नाय हो, म्हणून."

मी त्यांच्या त्या शांत खोलीत बसून होते आणि मला एकदम कळलं. ज्या घराला शेरा दिला त्या घरचं काही घ्यायचं नाही, आणि शेरा दिला नाही असं एकही घर या माणसानं बोईसरमध्ये शिल्लक ठेवलं नव्हतं. इतकी वर्षं मी यावर हसत होते. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. टेबलावरच होता, मला नाव दिसलं. सुभेदार. काकांनी उचलला नाही. फोनवर हात ठेवून तो वाजून थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

"उचला ना," मी म्हणाले.

"रोज करतात. कधी तांडेल, कधी सुभेदार. का येत नाय विचारायला. निकाल लागेपर्यंत बोलणं बरोबर नाय. गेलो असतो तर तुमी लोकांनी काय म्हटलं असतं?"

त्या रविवारनंतर ते वाणगावला एकदाही गेले नव्हते.

मी सांगितलं, "काका, मंजूर झालं. मदत चालू राहणार. घर राहणार."

मला वाटलं, कुणी काय विचारलं, चुरीसाहेब काय म्हणाले, सही नसताना कसं झालं, या सगळ्याची ते आता उलटतपासणी घेतील. काकांनी गॅस बंद केला. नॅपकिनला हात पुसले. मग शाळेतलं पोर बाईंना विचारतं तसं, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "म्हणजे बाय, आता मी तिकडं जेवायला गेलो तर चालेल ना? आता काय हरकत नाय ना कोणाची?"

"कुणाचीच नाही," मी म्हणाले आणि मोबाईल त्यांच्याकडे सरकवला.  

त्यांनी सुभेदारांना फोन लावला. पलीकडून हॅलो यायच्या आधीच म्हणाले, "सुभेदार, मी येतोय. तांडेलांना सांगा, माझ्या भाकऱ्या धरा." पलीकडे कुणीतरी जोरात ओरडून दुसऱ्या कुणाला ते सांगत होतं, आणि कुत्रा भुंकत होता. काकांनी पायात चपला सरकवल्या, दारात गेले आणि मग मी अजून घरात आहे हे त्यांना आठवलं.

"बाय, चहा पिऊन घ्या सावकाश. जाताना दार तेवढं ओढून घ्या," असं म्हणून ते जिना उतरले. खाली रिक्षा थांबवताना त्यांचा आवाज ऐकू आला. ब्रेकबद्दल काही न विचारता ते बसले आणि म्हणाले, "स्टेशन चलो, जल्दी." मी चहा संपवला, कपबशी विसळून पुढच्या फळीवर ठेवली आणि दार ओढून घेतलं.